दोरीची दोन्ही टोकं

मी मालवणचा. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की खऱ्या मालवणकरांनी एव्हाना माझ्यावर दावा लावायला हरकत नव्हती. वस्तुस्थिती अशी, की आमचे आजोबा मालवणात पोस्टात होते, त्यांना पोहता येत नव्हतं, आणि वडील चार वर्षांचे असताना ते बदली घेऊन जे पुण्याला आले ते परत गेले नाहीत. माझा जन्म सदाशिव पेठेतला. मालवणच्या समुद्राशी आलेला संबंध म्हणजे लहानपणी एकदा होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो, तोही आईचा पदर मुठीत धरून, डोळे मिटून. पण बांगड्याचा काटा सफाईनं काढून ताटाच्या कडेला ठेवताना ‘समुद्र रक्तात आहे हो आमच्या’ म्हणायला काय जातं? पुण्यात असली विधानं तपासून बघायची सोय नाही.

ती सोय ग्रीसमध्ये निघाली.

माझा साडू श्टुटगार्टला असतो. जर्मनीत राहिलं की माणूस कशाचीही रीतसर परीक्षा देतो. ह्यानं शिडाच्या बोटीची दिली आणि परवाना काढला. गेल्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. ‘दादा, जुलैत ग्रीसला कॅटामरान घेऊ या. आठवडाभर. खलाशी-बिलाशी कोणी नाही, आपली आपण चालवायची. परवाना माझा आहेच, पण तिथल्या नियमाप्रमाणे बोटीवर आणखी एक अनुभवी माणूस लागतो. त्याला परवाना नको, नुसतं अनुभव असल्याचं लिहून द्यायचं. तुम्ही मालवणचे, म्हणजे प्रश्नच मिटला.’

त्या क्षणी खरं बोलायला मला जेमतेम चार सेकंद मिळाले होते. पण शेजारी बायको बसलेली, पलीकडे मेहुणी, आणि साडवासमोर कमीपणा घेणं आमच्या घराण्यात नाही. मी सही केली. इंग्रजीतला तो एक पानी कागद होता. त्यात मी नौकानयनाचा पुरेसा अनुभव असल्याचं घोषित करत होतो. अनुभवाच्या रकान्यात मी ‘कोकण किनारा’ असं लिहिलं. भाऊचा धक्का ते रेवस लाँचनं गेलो होतो, ती काही हिमालयात चालत नाही.

कॅटामरान कशासाठी, तर सासूबाईंसाठी. साधी शिडाची बोट वारा भरला की एका कुशीवर कलते, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. कॅटामरानला दोन पोटं असतात, मध्ये ओटा. ती कलत नाही. आमची ४२ फूट लांब आणि जवळजवळ २५ फूट रुंद होती. पुण्यात एवढ्या जागेत बिल्डर वन बीएचके बसवून वर बाल्कनी दाखवतो. गंमत म्हणजे हा शब्द मुळात तमिळ आहे. कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. तिकडचे कोळी ओंडके दोरानं बांधून त्यावरून समुद्रात जात. गोऱ्यांनी शब्द नेला, ओंडक्यांच्या जागी फायबर घातलं, आत चार बाथरूम बसवली आणि भाडं युरोत लावलं. माझ्या वाट्याला आलेल्या आकड्याचे मी अजून रुपये केलेले नाहीत. करणारही नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. ‘नारळी पौर्णिमेच्या आधी कोणी समुद्रात जातं का?’ तिकडे पावसाळा नसतो, जुलैत आभाळ कोरडं ठणठणीत असतं, हे साडवानं त्यांना नकाशा काढून समजावलं. ‘पाऊस नसेल, समुद्र तर तोच ना?’ म्हणून त्या गप्प बसल्या. पुढे जे झालं त्याचं मूळ त्यांच्या मते इथे आहे. माझ्या मते मूळ त्या सहीत आहे, पण मी मध्ये बोललो नाही.

अथेन्सच्या दक्षिणेला आलिमोस नावाचा धक्का आहे. हजारावर बोटी तिथे दाटीवाटीनं उभ्या असतात. डोलकाठ्यांचं नुसतं रान. भाड्याच्या बोटींचा हिशेब शनिवार ते शनिवार असा चालतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तिथे लग्नसराईतल्या मंगल कार्यालयाची कळा येते. एक वऱ्हाड उतरतंय, दुसरं चढतंय, मधल्या तीन तासांत चादरी बदलतायत. ताबा देण्याची पद्धतही कार्यालयासारखीच. एक तरुण हातात यादी घेऊन आला आणि त्यानं आमच्यासमोर सगळं मोजलं. काटे, चमचे, पेले, ताटल्या, तवे. मग दोर किती, फुगे किती (हे बोटीच्या अंगाला घासू नये म्हणून बाहेर लटकवायचे), जाकिटं किती, शिडाचा दोर ताणायच्या रहाटाचे दांडे दोन. त्या रहाटाला विंच म्हणतात. ‘दोन,’ तो पुन्हा म्हणाला आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून म्हणाला. यादीखाली सह्या झाल्या. अनामत रक्कम साडवाच्या कार्डावर अडकली. कार्यालयात पातेल्याला पोचा पडला तर कापतात तसंच इथेही.

नंतर भाचीनं, वय वर्षे सोळा, आम्हाला संडासाचं प्रशिक्षण दिलं. कागद आत टाकायचा नाही, तो डब्यात. मग दांडा धरून हातपंप मारायचा. आधी पाणी आत घ्यायचं, मग खटका फिरवून बाहेर ढकलायचं, एकंदर वीसेक झटके. ह्या पंपाचा आवाज बोटभर घुमतो. त्यामुळे रात्री तीन वाजता कोण उठलं, किती झटके मारले आणि कोणी आळस केला, याची सकाळी चहाच्या वेळी तपशीलवार चर्चा होते. पाण्याची टाकी तीनशे लिटरची आणि माणसं सहा. इथे मात्र आमच्या बायकोनं सूत्रं हातात घेतली. महापालिकेच्या कपातीत वाढलेली ती. अर्ध्या बादलीत अंघोळ, उरलेल्यात फरशी आणि त्या पाण्यात दोन रुमाल, असा हिशेब तिनं लावून दिला आणि मेहुणीच्या जर्मन शॉवरवर पहिल्याच दिवशी टाच आणली.

रविवारी निघालो. एजिना बेट तिथून सोळा-एक सागरी मैल, म्हणजे तीस किलोमीटर. वेग सहा नॉट. हा शब्द ऐकायला भारी आहे, पण त्याचा अर्थ ताशी अकरा किलोमीटर, म्हणजे सायकलवरच्या दूधवाल्याचा. वाटेत पिरेयस बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या बोटी आडव्या जातात. इमारतीएवढ्या त्या बोटी निघून गेल्यावर त्यांच्या लाटा दोन मिनिटांनी येतात, मागाहून येणाऱ्या बिलासारख्या. कॅटामरान कलत नाही हे खरं, पण तिच्या दोन पोटांच्या मधून लाट घुसली की खालून ओट्यावर धाडकन मुसंडी मारते, आणि पायाखाली कोणीतरी पाटा आपटल्यासारखं वाटतं. सासूबाई आरामात विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या. मेहुणी फोटो काढत होती. भाची पुढच्या जाळीवर पालथी पडून पुस्तक वाचत होती. सहा माणसांत एकच माणूस कठड्याला धरून हिरवा पडला होता, आणि समुद्र फक्त त्याच्याच रक्तात होता. तो बाहेर यायला बघत होता.

‘काका, वारा तिकडून येतोय, तिकडे तोंड करू नका,’ भाची ओरडली. तिला उशीर झाला.

बायकोनं काही न बोलता आलेपाक दिला, ओला पंचा दिला. नंतर एकच वाक्य बोलली. ‘कोकण किनारा असा असतो का?’

एजिनाचे पिस्ते प्रसिद्ध आहेत. बंदरावर टपऱ्याच त्यांच्या. भाजलेले, खारवलेले, साखरेत घोळलेले. आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी हे बेट, १८२८ मधली. अगदी थोडे दिवस टिकली, मग कारभार नाफ्प्लिओला हलला. मी हे सगळं बंदरावरच्या बाकावर बसून वाचलं, कारण इतर मंडळी अफायाचं देऊळ बघायला गेली होती आणि मला जमीन अजून स्थिर वाटत नव्हती. सासूबाईंनी मात्र अर्धा किलो पिस्ते घेतले ते खायला नव्हेत. दुसऱ्या दिवशी पोरोसला पोचायच्या आधी त्यांनी साडवाला इंजिन बंद करायला लावलं, हात जोडले, आणि नारळाऐवजी ओंजळभर पिस्ते समुद्राला वाहिले. ‘इथला देव कोण आहे?’ ‘पोसायडन,’ भाचीनं सांगितलं. समोर दिसणाऱ्या त्या बेटावरच त्याचं जुनं देवस्थान होतं. अथेन्सचा नामांकित वक्ता डेमॉस्थेनीस शत्रू मागे लागल्यावर तिथेच आश्रयाला गेला आणि इ.स.पू. ३२२ मध्ये विष घेऊन मेला. हे ऐकल्यावर सासूबाईंनी आणखी चार पिस्ते टाकले.

पोरोसला आमचा मुक्काम दोन रात्री, आणि तिथे आमची थोडी प्रतिष्ठा होती. ती कुकरनं घालवली. समोरच्या गालातास गावाशी पोरोसची अगदी चिंचोळी खाडी, धक्क्याला बोटी खेटून उभ्या. संध्याकाळी बायकोनं वरणभात लावला. तीन शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या शिट्टीबरोबर शेजारच्या बोटीवरचा डच गृहस्थ जेवण टाकून धावत बाहेर आला आणि आमच्या बाजूला फुगे बांधू लागला. साडू हसून हसून खाली बसला. सागरी नियमांत तीन आखूड शिट्ट्यांचा अर्थ ठरलेला आहे, ‘माझं इंजिन मागे चाललंय’. बायकोनं त्या गृहस्थाला वाटीभर आमटी नेऊन दिली. त्यानं वाटी परत केली तेव्हा ती चाटूनपुसून स्वच्छ होती, फुगे मात्र त्यानं रात्रभर काढले नाहीत.

आता हायड्रा. ग्रीक लोक इद्रा म्हणतात. ह्या बेटावर मोटारींना बंदी आहे. सामान गाढवं आणि खेचरं वाहतात, आणि बंदराच्या कडेला ती रिक्षास्टँडवर असतात तशी रांगेत उभी. लिओनार्ड कोहेन ह्या गायकानं १९६० साली इथे घर घेतलं होतं, ते बघायला लोक चढ चढून जातात. बंदर घोड्याच्या नालेसारखं, इवलंसं. आणि उन्हाळ्यात त्यात घुसायला निम्मं युरोप टपलेलं.

इथे बोट लावायची रीत मुद्दाम सांगायला हवी, कारण त्याशिवाय माझ्या कर्तृत्वाची उंची लक्षात येणार नाही. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, जागा पुरत नाही. बंदराच्या मध्यावर तोंड बाहेर करून उभं राहायचं, पुढून नांगर सोडायचा आणि साखळी सोडत सोडत उलटं येत पाठ धक्क्याला लावायची. मग मागचे दोन दोर किनाऱ्यावर बांधायचे आणि पुढची साखळी ताणायची. बोट नांगर आणि धक्का यांच्यामध्ये वाळत घातलेल्या धोतरासारखी ताठ राहते. यात दोन माणसं महत्त्वाची. एक सुकाणूवर, एक नांगरावर. सुकाणूवर परवाना होता. नांगरावर कोकण किनारा.

दुपारचा एक वाजलेला. धक्क्यावर हॉटेलांच्या खुर्च्या तीन रांगांत मांडलेल्या, आणि त्या सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. मला आधी वाटलं, देखावा बघतायत. मग कळलं, देखावा आम्ही होतो.

साडू मागून ओरडला, ‘सोडा!’ माझ्या हातात वायरला लटकणारा रिमोट, त्यावर दोन बटणं. मी वरचं दाबलं. नांगर वर होता तो आणखी वर जाऊन खाडकन आपटला. ‘खाली! खाली!’ खालचं दाबलं. साखळी घरंगळू लागली आणि तिच्या त्या भयंकर खडखडाटानं घाबरून मी बटण सोडलं. ‘दादा, किती सोडली?’ साखळीवर दर दहा मीटरवर रंगाची खूण होती. मला ती दिसली नव्हती. ‘पुरेशी,’ मी म्हणालो. बोट मागे आली, नांगर तळाची माती खरवडत आमच्याबरोबर मागे आला. पुन्हा बाहेर. पुन्हा सोडा. ह्या खेपेला मी इतकी सोडली, की बोट धक्क्याला पोचली तेव्हा साखळी पुढे पाण्यात ढीग होऊन पडलेली. पुन्हा बाहेर. खुर्च्यांमधून एकानं टाळी वाजवली. ती उत्तेजनार्थ होती असं मी धरून चालतो.

तिसऱ्या वेळी साडवानं, अतिशय सभ्य जर्मन आवाजात, जागांची अदलाबदल केली. ‘ताई, तुम्ही जरा पुढे जाल? दादा, तुम्ही मागे या, दोर फेका.’ बायको पुढे गेली, रिमोट हातात घेतला, वाकून रंग मोजू लागली आणि मोठ्यानं सांगू लागली. ‘दहा. वीस. तीस. आता अडली. ताणू?’ पापडाच्या लाट्या मोजाव्यात इतक्या थंडपणे. नांगर पहिल्या झटक्यात धरला.

आणि बोट मागे येत असताना, धक्का तीन मीटरवर असताना, तो क्षण आला. काठावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा दोर झेलायला हात पसरून उभा होता. मी दोराचं वेटोळं उचललं, कमरेपासून झेप घेतली, आणि असा फेकला, असा फेकला, की मालवणच्या कुठल्याही रापणकऱ्यानं माझी पाठ थोपटली असती. वेटोळं हवेत सुंदर उलगडलं आणि थेट म्हाताऱ्याच्या छातीवर जाऊन बसलं. खुर्च्यांमधून ‘ओऽऽ’ असा आवाज आला. म्हाताऱ्यानं दोर ओढला. सगळा दोर गेला.

दुसरं टोक बोटीला बांधायचं असतं. ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुरेसा अनुभव असलेल्या माणसाला ते सांगणार तरी कोण? दोरीची दोन्ही टोकं आता ग्रीसमध्ये होती आणि आम्ही हळूहळू शेजारच्या इटालियन बोटीवर वाहत चाललो होतो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तिरस्कार नव्हता, दयाही नव्हती; गाढव चढावर बसलं तर तो जसं बघत असेल तसंच बघितलं. मग दोर गुंडाळून त्यानं एक टोक परत फेकलं, आणि मी ते घट्ट बांधलं. जोडे बांधतो तशी गाठ. तो धक्क्यावरून फळीवर आला, एक अक्षर न बोलता माझी गाठ सोडली, मनगटाच्या दोन वळशांत दोर खुंटीवर आठाच्या आकड्यात बसवला आणि परत जाऊन कॉफी प्यायला लागला.

दुसरा दोर ताणायला मी विंचवर दांडा बसवला. माणसानं प्रायश्चित्त घ्यायला उत्साहानं धावू नये. दोराचा हिसका बसला, दांडा उसळला, बोटीच्या काठावर एकदा टणत्कार झाला आणि पाण्यात ‘डुबुक’. मी आजूबाजूला बघितलं. सगळे दुसरीकडे बघत होते. मी कोणाला काही बोललो नाही. त्या संध्याकाळी जेवायला मी सगळ्यांच्या आधी बिल मागितलं, हे माझ्या स्वभावात नसल्यामुळे खरं तर तिथेच कोणाला तरी संशय यायला हवा होता.

हायड्राच्या बंदरात आंद्रेआस मिआउलिस ह्या आरमारप्रमुखाचा पुतळा आहे. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धातला मोठा माणूस, इथलाच. पुढे सरकारशी बिनसलं तेव्हा १८३१ साली त्यानं पोरोसला ग्रीसची सगळ्यात मोठी युद्धनौका स्वतःच्या हातानं उडवून दिली. तरी पुतळा आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. त्या मानानं एक दांडा म्हणजे काहीच नव्हे.

सकाळी निघताना आमचा नांगर वर आला तो एकटा आला नाही. त्याला इटालियन बोटीची साखळी लोंबकळत होती. हायड्रात हे रोजचंच आहे. सगळ्यांचे नांगर बंदराच्या मध्यावर एकमेकांवर पडलेले, जो आधी निघतो तो शेजाऱ्याचा उपसतो. इटालियन माणूस दोन्ही हात आभाळाकडे करून काहीतरी म्हणत होता, ते भाषांतराशिवाय कळलं. मी धीर करून पुढे सरकलो, तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, तुम्ही आईजवळ बसा.’ दोघी बहिणी छोट्या रबरी होडीत उतरल्या. साडवानं वरून सांगितलं: त्या साखळीच्या खालून दोर घ्या, दोन्ही टोकं वर द्या, मी बोटीला बांधतो. मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा, तो सुटला की दोराचं एक टोक सोडून द्यायचं. बायकोनं आकडीच्या काठीला दोर अडकवला, साखळीखालून पलीकडे ढकलला आणि दुसऱ्या बाजूनं मेहुणीनं ओढून घेतला. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तसं. हे चालू असताना दोघींचं बोलणं त्यांच्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाविषयी चाललं होतं आणि ते कुठेही तुटलं नाही. पाच मिनिटांत साखळी धपकन खाली गेली. इटालियन माणसानं छातीवर हात ठेवून बायकोला मुजरा केला. मी सासूबाईंजवळ बसलो होतो.

परतीला मेल्तेमी वारा लागला. हा उन्हाळ्यात उत्तरेकडून येतो, आभाळ निरभ्र असतानाच येतो, आणि आम्हाला नेमकं उत्तरेलाच जायचं होतं. कॅटामरान वाऱ्याला तोंड द्यायला नाखूश, म्हणून दोन दिवस शिडं गुंडाळून इंजिनावर, धाड धाड धाड. त्यातलं मला विशेष आठवत नाही. आलेपाक संपला तेवढं आठवतं.

शुक्रवारी संध्याकाळी आलिमोस. तोच तरुण, तीच यादी. एकजण पाण्यात बुडी मारून बोटीची पोटं तपासून आला. चमचे बरोबर, पेले बरोबर. एक ताटली जास्तच भरली, ती डच गृहस्थाची निघाली, आमटीच्या वाटीबरोबर पिस्त्याचा केक घालून त्यानं दिलेली. ‘विंचचे दांडे दोन,’ तो म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडेच बघितलं. मी बूट बघू लागलो.

‘एक हायड्राला पडला,’ बायको म्हणाली. ‘बुधवारी, दुपारी पावणेदोनला.’

अनामत रकमेतून पैसे कापले गेले. साडू काही बोलला नाही. रात्री धक्क्यावरच जेवताना त्यानं पुढच्या वर्षाचं काढलं. क्रोएशिया म्हणे, बेटंच बेटं. फोनवर फॉर्म उघडला आणि तो माझ्या हातावरून पलीकडे बायकोकडे सरकवला. ‘ताई, अनुभवी म्हणून तुमचं नाव टाकतो. इथे सही.’ तिनं चष्मा लावला, सगळं वाचलं आणि बोटानं सही केली. अनुभवाच्या रकान्यात तिनं ‘हायड्रा’ लिहिलं.

‘आणि दादांचं काय लिहू?’ साडवानं विचारलं.

बायकोनं कोळंबी सोलता सोलता क्षणभर विचार केला.

‘मालवणचे, असं लिहा.’